वहीतला घरखर्च आणि मोबाइलमधला घरखर्च

वाचकाचं पत्र

माझं वय ६९. माझ्या यजमानांनी १९७९ पासून घरखर्चाची वही लिहिली. ते गेल्यावर मी ती पुढे चालू ठेवली, एकही महिना चुकवला नाही. मागच्या महिन्यात मुलानं त्याचा आणि सुनेचा खर्च मोबाइलवर दाखवला, तेव्हा मी तो आमच्या १९८४ च्या पानांशी ताडून पाहिला. रकमा बाजूला ठेवल्या, शेकडा किती ते काढलं. आमचा निम्म्याहून जास्त खर्च खाण्यापिण्यावर व्हायचा, त्यांचा जेमतेम पाव, आणि त्यातही बराचसा तयार पदार्थांवर. घराच्या कर्जाचा हप्ता एक तृतीयांशाहून जास्त. शिवाय शाळेची फी, पाळणाघर, प्रवास, फोन. आम्ही एका पगारात, नोकरीसोबत मिळालेल्या क्वार्टरमध्ये राहून, मुलांचे कपडे घरी शिवून दर महिन्याला थोडं मागे टाकत आलो. हे दोघं कमावतात आणि महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. मी एवढंच म्हणाले, की अंथरूण पाहून पाय पसरावेत. सून काही बोलली नाही, पण तेव्हापासून घरात अबोला आहे. मुलगा म्हणतो, "आई, जगात सगळीकडे असंच झालंय." खरंच तसं आहे, की आमच्याच शिकवणीत काही राहून गेलं? आणि माझी ठेव मोडून त्यांचं कर्ज कमी करावं का?

उत्तर

ताई,

आधी तुमच्या मुलाची बाजू घेते. तो म्हणतो ते बहुतांशी खरं आहे. खाण्याचा वाटा उतरणं आणि घराचा वाटा चढणं ही तुमच्या सुनेची करणी नव्हे. कित्येक देशांतल्या घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या होत आलं आहे. शिकवणीत काही राहून गेलं, हा विचार तर मनातून काढूनच टाका. मात्र दोन पगार असून शिल्लक नाही, ही तुमची काळजी मला रास्त वाटते. तिच्याकडे मी शेवटी येतेच.

तुम्ही रकमा बाजूला ठेवून शेकडा प्रमाण काढलंत, याचं मला फार कौतुक वाटलं. १८५७ मध्ये एर्न्स्ट एंगेल यांनी हेच केलं होतं. जर्मनीतल्या सॅक्सनी राज्याच्या सांख्यिकी कार्यालयाचे ते प्रमुख होते. बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च त्यांनी मांडून पाहिले. सार्वजनिक मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांच्या खर्चातले सुमारे ७१ टक्के अन्नावर जात होते आणि त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतल्या कुटुंबांचे सुमारे ६२ टक्के. मिळकत वाढली की माणूस अन्नावर जास्त खर्च करतो, पण मिळकत ज्या वेगानं वाढते त्या वेगानं करत नाही, कारण पोट भरलं की भरलं. उरलेला पैसा मग दुसऱ्या वाटा शोधतो. याला एंगेलचा नियम म्हणतात, आणि अर्थशास्त्रात इतका टिकलेला नियम मला दुसरा माहीत नाही.

अमेरिकेत १९०१ साली सरासरी कुटुंबाच्या खर्चातले ४२.५ टक्के अन्नावर जात होते. २००२-०३ मध्ये ते १३.१ टक्क्यांवर आले. चीनमध्ये १९७८ साली ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा ६७.७ टक्के होता आणि शहरी कुटुंबांच्या खर्चात ५७.५. २०१९ मध्ये सगळ्या देशाचा मिळून तो २८.२ वर होता. अमेरिकेला जे अंतर कापायला शतक लागलं, तसंच अंतर चीननं चाळीस वर्षांत कापलं. भारतात १९९९-२००० मध्ये ग्रामीण घरांच्या खर्चात अन्नाचा वाटा ५९.४ टक्के होता, २०२२-२३ मध्ये तो ४६.४ च्या आसपास आला. शहरांत ४८ वरून ३९ वर.

भारताच्या या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि तुमच्या तयार पदार्थांच्या तक्रारीचा धागा तिथं सापडतो. ग्रामीण घरांच्या एकूण खर्चात एकट्या तृणधान्यांचा वाटा १९९९-२००० मध्ये २२ टक्के होता. २०२२-२३ मध्ये तो ५ टक्क्यांच्याही किंचित खाली गेला. काही धान्य मोफत किंवा स्वस्तात मिळतं, हे त्यामागचं एक कारण आहे, पण सगळं कारण तेवढंच नाही. अन्नाच्या यादीतच उलथापालथ झाली. धान्याची जागा दूध, फळं, अंडी यांनी घेतली आणि पेयं, फराळ, तयार पदार्थ या गटानं तर सगळ्यात मोठी. त्या वर्षी गावांत आणि शहरांत दोन्हीकडे अन्नखर्चातला सर्वांत मोठा गट हाच होता. म्हणजे तुमच्या सुनेच्या यादीत जे दिसलं, तेच कोट्यवधी घरांच्या याद्यांत आहे.

आता जरा नाजूक बोलते. रागावू नका.

तुमच्या १९८४ च्या वहीत स्वयंपाकाचा खर्च किती लागला आहे? वाणसामानाचा लागला असेल, इंधनाचा लागला असेल. पहाटे उठून तुम्ही जे तास त्यात घातलेत, त्यांचा रकाना वहीत नाही. मुलं सांभाळण्याचा नाही. शिवणाच्या पानावर कापड आणि दोरा लिहिला असेल, रात्री मशीनवर बसलेली बाई लिहिलेली नाही. घरातल्या एका माणसाचं पूर्ण दिवसाचं काम बिनपगारी होतं, म्हणून ते घर एका पगारात चालत होतं. यात तुमचं किंवा यजमानांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातसुद्धा घरच्यांसाठी घरात केलेलं हे काम बहुतांशी धरत नाहीत. पण याचा परिणाम असा, की बाई पगारी कामावर जाऊ लागली की जे काम आधी हिशेबाबाहेर होतं ते एकदम हिशेबात येतं. पाळणाघर, तयार पदार्थ, धुणीभांडी, शिवलेले कपडे, हे सगळं तेव्हाही होत होतं. आता त्याची पावती मिळते.

तुमच्या सुनेच्या खर्चातलं पाळणाघर आणि निम्मे तयार पदार्थ माझ्या मते या सदरात मोडतात. ती तिथं वेळ विकत घेते आहे, तोच वेळ जो तुम्ही फुकट दिलात. तुम्ही "पाय पसरावेत" म्हणालात तेव्हा तिला काय ऐकू आलं असेल, याचा अंदाज मला या एका गोष्टीवरून येतो.

कपड्यांचा वाटा मात्र त्यांच्या यादीत तुमच्यापेक्षा कमी निघेल, ते तपासून पाहा. अमेरिकेत तो १९०१ मधल्या १४ टक्क्यांवरून २००२-०३ मध्ये ४.२ वर आला. यंत्रं आली, मग कारखाने कमी मजुरीच्या देशांत गेले आणि कापड स्वस्त झालं. काटकसर म्हणून घरी कपडे शिवणं आज बहुतेक देशांत परवडतच नाही.

घराच्या हप्त्याकडे वळते, कारण तुमच्या पत्रातला खरा काटा तिथं आहे. १८६८ मध्ये बर्लिनच्या सांख्यिकी कार्यालयातल्या हेर्मान श्वाबे यांनी एंगेलसारखाच दुसरा नियम मांडला: जो जितका गरीब, तितका त्याच्या मिळकतीतला भाड्याचा वाटा मोठा. एका शहरात एका वर्षी पाहिलं तर हे आजही बहुधा खरं ठरतं. मग देश श्रीमंत होत गेले तसा घराचा वाटा उतरायला हवा होता. झालं उलट. अमेरिकेत १९०१ मध्ये तो २३.३ टक्के होता, २००२-०३ मध्ये ३२.८. ब्रिटनमध्ये १९५७ पासून कुटुंबांच्या खर्चाची पाहणी नियमानं होते. त्या पहिल्या वर्षी घरासाठी सुमारे ९ टक्के आणि अन्नासाठी ३३ टक्के जात होते. साठ वर्षांनी घराचा वाटा दुप्पट झाला होता आणि अन्नाचा निम्म्यावर आला होता. तंबाखूचा ६ टक्क्यांवरून एकावर आला, तेवढी एक चांगली बातमी.

असं उलट का झालं? घरं मोठी आणि सोयींची झाली, हा एक भाग. दुसरा भाग असा, की कुटुंबं लहान झाली. १९०१ च्या अमेरिकेत एका घरात सरासरी ४.९ माणसं राहत, शतकानंतर २.५. पाच माणसांनी वाटून घेतलेलं छप्पर आता अडीच माणसांच्या माथी आलं. आणि तिसरं कारण जमीन. धान्य जास्त पिकवता येतं, कापड जास्त विणता येतं, पण जिथं नोकऱ्या आहेत तिथली जमीन वाढवता येत नाही. लोकांच्या हातात अन्नातून सुटलेला पैसा आला की ते त्याच जागांसाठी एकमेकांपेक्षा जास्त मोजतात. एंगेलच्या नियमानं सुटलेल्या पैशातला मोठा भाग असा जमिनीत मुरतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण यात कुठल्याही एका कुटुंबाची चूक नसते आणि किंमत मात्र प्रत्येक तरुण कुटुंबाला मोजावी लागते.

आता तुमच्या ताळ्यात दोन दुरुस्त्या करा. पहिली क्वार्टरची. तुमच्या वहीत घराचा वाटा लहान दिसतो, कारण घर पगाराचाच एक भाग होता, तो रोखीत हातात आला नाही. तसंच घर त्या काळी भाड्यानं घ्यावं लागलं असतं तर काय पडलं असतं, तो अंदाज मिळकत आणि खर्च दोन्ही बाजूंना धरा. सांख्यिकी खाती असंच करतात: स्वतःच्या घरात राहणाऱ्याचंही मानीव भाडं राष्ट्रीय हिशेबात धरलं जातं, नाहीतर घरमालक आणि भाडेकरू यांची तुलनाच होत नाही. एवढी एक दुरुस्ती केलीत तरी तुमच्या अन्नाचा टक्का खाली येईल.

दुसरी दुरुस्ती हप्त्याची. हप्त्याचे दोन भाग असतात, व्याज आणि मुद्दल. व्याज गेलं ते गेलं. मुद्दल फिटतं तेव्हा मात्र घराचा तेवढा भाग कर्जातून सुटून मुलाचा होतो. ती बचतच आहे, फक्त विटांमध्ये अडकलेली. तुम्ही मागे टाकत होतात ते बँकेत दिसायचं, हे दिसत नाही. कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलाचा भाग लहान असतो आणि पुढे वाढत जातो, म्हणून मुलाकडून कर्जाचं वार्षिक विवरणपत्र मागून घ्या आणि मुद्दल "शिल्लक" या रकान्यात लिहा. मला खात्री आहे, की त्यांची शिल्लक तुम्हाला वाटते तितकी शून्य निघणार नाही.

शाळेच्या फीबद्दल थोडक्यात. १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी एक साधं उदाहरण दिलं. चार वादकांसाठी रचलेलं संगीत वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं लागत आणि आजही चारच लागतात, तितकाच वेळ. कारखान्यात मात्र तेवढ्याच वेळात कितीतरी पट माल निघतो आणि तिथले पगार वाढतात. मग वादकाचा, शिक्षकाचा, परिचारिकेचा पगारही वाढवावा लागतो, नाहीतर ते काम कोण करणार? म्हणून वस्तू तुलनेनं स्वस्त होतात आणि माणसांनी माणसांसाठी करायच्या गोष्टी महाग होतात. शाळा, पाळणाघर, दवाखाना, तिन्ही त्यात आले. यातलं किती कुटुंबाच्या खिशातून जातं, ते देशावर ठरतं. जिथं शाळा आणि दवाखाने करातून चालतात तिथं कुटुंबाच्या यादीत ते जवळजवळ दिसत नाहीत, पण पगार हातात येण्याआधीच कर कापलेला असतो. भारतात २०१३-१४ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ६४.२ टक्के भाग लोकांच्या खिशातून जात होता, २०२१-२२ मध्ये ३९.४. म्हणून दोन देशांच्या घरखर्चाची तुलना करताना, किंवा एकाच देशातल्या दोन पिढ्यांची, कोणता खर्च सरकार उचलतं हे आधी विचारावं लागतं.

इथवर मी तुमच्या मुलाच्या बाजूनं बोलले. आता तुमच्या बाजूनं.

"सगळीकडे असंच झालंय" हे वाक्य खरं असलं तरी ते ढाल म्हणून वापरणं बरोबर नाही. हे वाटे आपोआप एकाच दिशेनं सरकत राहतात असंही नाही. जपानमध्ये दोन किंवा अधिक माणसांच्या घरांत अन्नाचा वाटा २००५ मध्ये २२.९ टक्क्यांपर्यंत उतरला होता. २०२४ मध्ये तो २८.३ वर गेला, १९८१ नंतरचा सर्वांत जास्त. अन्नाच्या किमती पगारांपेक्षा वेगानं वाढल्या, येनचं मोल घसरल्यानं आयात महागली, आणि म्हाताऱ्या माणसांची घरं वाढली. इतक्या श्रीमंत देशात एंगेलचा काटा उलटा फिरू शकतो. चीनमध्येही महासाथीच्या २०२० या वर्षात तो ३०.२ वर चढला होता. भारतातही २०२३-२४ च्या पाहणीत अन्नाचा वाटा आदल्या वर्षापेक्षा किंचित वर गेला. ज्या घरानं आपली मिळकत शेवटच्या पैशापर्यंत हप्त्याला आणि फीला बांधून टाकली आहे, त्याला असं एखादं वर्ष आलं की हलायला जागा राहत नाही. तुमच्या काळी वाईट महिन्यात वाणसामान थोडं कमी आणता येत होतं. हप्ता कमी भरता येत नाही.

त्यामुळे अन्नाचा वाटा लहान आहे एवढ्यावरून घर सुखात आहे असं मानू नका. तो मिळकत वाढल्यामुळे लहान झाला, की हप्त्यानं दाबल्यामुळे? हे ओळखायला महिन्याचा शेवटचा आठवडा बघा. त्या आठवड्यात दूध, फळं, औषधं पुढे ढकलली जात असतील तर घर ओढाताणीत आहे, मग टक्का काहीही सांगो. दुसरी खूण म्हणजे क्रेडिट कार्डाची थकबाकी. ती दर महिन्याला पूर्ण फिटत असेल तर चिंता नाही. फक्त किमान रक्कम भरून बाकी पुढे जात असेल, तर तिच्यावरचं व्याज घराच्या कर्जापेक्षा कितीतरी चढं असतं, आणि तो रकाना तुमच्या वहीत कधीच नव्हता. मुलाला एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो हा विचारा. फोनच्या बिलावरून बोलू नका, तिथं सापडणारी रक्कम लहान असते आणि दुखावणं मोठं.

ठेव मोडू नका. यावर माझं मत पक्कं आहे. वय वाढतं तसा घरखर्चातला आरोग्याचा वाटा वाढतो, हे जवळजवळ सगळ्या देशांच्या पाहण्यांत दिसतं, आणि ज्या वयात तो वाढतो त्याच वयात मिळकत थांबलेली असते. तुमची ठेव संपल्यावर एखादं आजारपण आलं तर तो खर्च त्याच हप्त्याच्या शेजारी येऊन बसेल. मदत करायचीच असेल तर तुमची वर्षभराची गरज आणि आजारपणाची तरतूद बाजूला काढा, मग जे उरेल त्याच्या व्याजातून करा. कार्डाची जुनी थकबाकी निघालीच, तर ती एकदाच फेडून टाकायला हातभार लावा. तुमचे पैसे सर्वांत जास्त तिथं वाचवतील.

तुमच्या हाताला शक्य असेल आणि मनापासून करावंसं वाटत असेल, तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी नातवंडांना सांभाळायची तयारी दाखवा. मात्र हे सुनेला विचारून करा, आणि ते वहीत लिहा. तासांसकट.

अबोल्याचं म्हणाल तर आधी सुनेकडे जा, मुलाकडे नंतर. सोबत १९८४ ची वही न्या आणि शिवणाचं पान उघडा, जिथं फक्त कापड आणि दोरा लिहिला आहे. त्या रात्री किती वाजेपर्यंत मशीनवर बसायचात, ते तिला सांगा. मग तिला विचारा, तिचा दिवस किती वाजता सुरू होतो.